साध्या कुलपांच्या गाडीला सेंट्रल लॉकिंग: खर्च नेमका कशाकशाचा?

ऑल्टो 800, ईको किंवा जुनी वॅगन आर, अशा गाड्यांच्या सगळ्यात स्वस्त, खालच्या मॉडेलात दारांना नुसती किल्लीची कुलपं असतात. गाडी उभी केली की चालकाचं दार किल्लीने लावायचं आणि उरलेली तीन आत वाकून हाताने. मागे मुलं बसली असतील तर एखादं दार हमखास उघडं राहतं. यावर उपाय म्हणून सेंट्रल लॉकिंग, म्हणजे एकाच किल्लीने किंवा रिमोटने सगळी दारं लावायची सोय, बसवायचं ठरवलं की दुकानागणिक वेगळा आकडा ऐकू येतो. कोणी दोन हजारांत करून देतो, कोणी साडेतीन सांगतो, शोरूमवाला सहा-सात हजारांचं अंदाजपत्रक हातात ठेवतो. यातला कोणी फसवतच असेल असं नाही. तिघंही वेगवेगळी कामं सांगत असतात. किट जवळपास सारखंच असलं तरी तारा कुठून न्यायच्या, जोड कसे बांधायचे आणि दार परत कसं बंद करायचं यात फरक असतो. पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे अजिबात वाचवू नयेत हे कळायला दाराच्या आत काय घडतं ते आधी पाहू.

दाराच्या आत

तुम्ही लॉकचं बटण दाबता किंवा किल्ली फिरवता तेव्हा दाराच्या पोकळीतला एक बारीक लोखंडी रॉड दीड-दोन सेंटिमीटर सरकतो आणि लॅचमधला (दार धरून ठेवणाऱ्या कडीतला) खटका अडकतो किंवा सुटतो. सेंट्रल लॉकिंगचं किट हा खटका बदलत नाही. त्याच रॉडला शेजारून दुसरा रॉड जोडतं आणि तो ढकलायला-ओढायला एक छोटी मोटर बसवतं. दुकानात या भागाला मोटर किंवा अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. आत 12 व्होल्टची मोटर, दोन-तीन दातेरी चाकं आणि पुढे-मागे सरकणारा दांडा असतो. दांड्याची चाल साधारण 20 मिलिमीटर. एका दिशेने वीज दिली की दांडा बाहेर येतो, तारांची अदलाबदल झाली की आत जातो. ही अदलाबदल डॅशबोर्डखाली बसवलेल्या कंट्रोल युनिटमधले रिले (विजेने चालणारे स्विच) करतात, आणि वीज फक्त अर्धा-पाऊण सेकंद सोडतात.

चार दारांच्या किटमध्ये मोटरी दोन जातींच्या असतात. तीन मोटरींना दोन-दोन तारा असतात, त्या फक्त हुकूम पाळतात. चौथीला पाच तारा असतात, ती चालकाच्या दारात बसते. तिच्यातल्या दोन तारा मोटरच्या आणि उरलेल्या तीन आतल्या छोट्या स्विचच्या. चालकाचं दार तुम्ही किल्लीने लावलं तर रॉड सरकतो, त्याच्याबरोबर मोटरचा दांडा सरकतो, स्विच बदलतो आणि युनिट बाकीच्या तीन दारांना वीज सोडतं. रिमोट नसलेलं किटसुद्धा एका किल्लीने चारही दारं लावतं ते यामुळे. डाव्या पुढच्या दाराच्या किल्लीनेही सगळी दारं चालायला हवी असतील तर तिथेही पाच तारांची मोटर मागावी लागते. फरक शंभर-दोनशे रुपयांचा असतो, पण किट घेतानाच सांगायचं, कारण नंतर बदलायची तर दार पुन्हा खोलावं लागतं.

कोणतं किट, किती पैसे

खालचे आकडे महाराष्ट्रातल्या शहरांतल्या दुकानांचा साधारण अंदाज आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत नुसतं किट विकत घेतलं तर थोडं स्वस्त पडतं. तालुक्याच्या गावी किट महाग आणि मजुरी कमी असं उलटं गणित असतं.

बिनरिमोटचं, बिननावाचं चार दारांचं किट साधारण 1,000 ते 1,500 रुपयांत येतं. त्यालाच दोन रिमोट आणि रिमोटचं युनिट जोडलं की 1,800 ते 2,500. नाशिकची ऑटोकॉप किंवा मिंडा, निप्पॉन अशा नावाजलेल्या कंपन्यांची सायरन आणि रिमोटसकट पूर्ण व्यवस्था घ्यायची तर 3,500 ते 6,000 पर्यंत तयारी ठेवावी. चार दारांची मजुरी 800 ते 1,500. यात एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक जण विसरतो: किरकोळ सामान. चांगली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, फ्यूज आणि त्याचं घर, कापडी टेप, तारांवरची जाळीदार नळी, दाराच्या पॅडच्या (आतल्या बाजूच्या आवरणाच्या) तुटलेल्या क्लिपांच्या जागी नव्या, आणि पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा चिकटवायचा काळा गोंद. सगळं मिळून 250 ते 400 रुपये. हे पैसे वाचवलेली गाडी पहिल्याच पावसाळ्यात परत दुकानात येते.

म्हणजे रिमोटसह साधं पण नीट काम हवं असेल तर 3,000 ते 4,000, कंपनीच्या नावाचं हवं असेल तर 5,000 ते 7,500. सुट्या भागांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के जीएसटी आहे, तेव्हा बिल घेणार असाल तर सांगितलेली किंमत कर धरून आहे का ते विचारा. बिल घ्याच. त्याचं कारण पुढे विम्याच्या भागात येईल.

काही जण विचारतात की वरच्या मॉडेलची मूळ लॅचच बसवली तर? ती लॅच मोटर पोटात घेऊनच येते, त्यामुळे दिसायला आणि चालायला ती उत्तमच. पण चार लॅच, दारांचं वेगळं वायरिंग, कंट्रोल मॉड्यूल आणि हे सगळं जुळवून देणारा माणूस असा खर्च सहज पंधरा हजारांवर जातो. त्यातही खालच्या मॉडेलच्या मुख्य वायरिंगमध्ये दाराकडे जाणारे कपलर (तारा एकमेकांत बसवायचे जोड) पुष्कळदा नसतातच. किल्लीच्या कुलपांची गाडी घेऊन या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

उलट एक स्वस्त शक्यता आधी तपासा. तुमच्या गाडीत चालकाच्या किल्लीने चारही दारं आधीच लागत असतील तर मोटरी आहेत, फक्त रिमोट नाही. मग पूर्ण किटची गरज नाही. नुसतं रिमोटचं युनिट 800 ते 1,500 रुपयांना मिळतं आणि तासाभरात जोडलं जातं. फिटिंगवाल्याने तारा छाटण्याआधी गाडीचं मूळ युनिट कशावर चालतं हे मल्टिमीटरने पाहायला हवं. बहुतेक गाड्यांत लॉकची तार क्षणभर अर्थला (गाडीच्या उघड्या पत्र्याला) टेकवली की दारं लागतात. काहींत 12 व्होल्ट द्यावे लागतात. अंदाजाने 12 व्होल्ट देऊन पाहणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका, मूळ युनिट जळलं तर वाचवलेले पैसे दामदुपटीने जातात.

काम कसं होतं, आणि वेळ कुठे जातो

चार दारांचं नीट काम तीन ते चार तासांचं आहे. दीड तासात गाडी हातात देणाऱ्याने काहीतरी गाळलेलं असतं.

सुरुवातीला काचा पूर्ण वर कराव्यात, मग दहाच्या पान्याने बॅटरीची ऋण टोपी सोडवावी. काच वर असताना दारात जागा मोकळी दिसते, पण मोटर काचेच्या वाटेत बसवली तर नंतर काच खाली आली की तिच्यावर आदळते. काचेच्या हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंगची क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्या फटीत कापडाची पट्टी घालून इकडे-तिकडे घासली की ती सुटून उडते, म्हणून दुसरा हात आडवा धरायचा. आतल्या हँडलच्या वाटीतला स्क्रू, आर्मरेस्टचे स्क्रू काढले की पॅड फक्त कडेच्या क्लिपांवर उरतं. पॅड खालच्या कोपऱ्यापासून सोडवायला घ्यायचं, रुंद प्लॅस्टिकच्या पट्टीने. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर क्लिप पॅडच्या पुठ्ठ्यासकट निघते आणि ते दार पुढे कायम खडखडतं.

पॅडमागे प्लॅस्टिकचा पडदा काळ्या गोंदाने चिकटवलेला असतो. तो फाडायचा नाही, गोंदासकट हळूहळू सोलून अर्धा बाजूला दुमडायचा.

आता लॉकचा रॉड शोधायचा. इथे एक मिनिट थांबून हाताने लॉक लावून-उघडून पाहायला हवं. बटण एका बोटाने सहज सरकलं पाहिजे. घट्ट वाटलं तर लॅचमधलं जुनं, धूळ बसलेलं ग्रीस साफ करून नवं पांढरं ग्रीस लावायचं आणि पुन्हा पाहायचं. हे काम दाराला दहा मिनिटांचं, फुकटात होणारं, आणि नेमकं हेच वगळलं जातं. किटच्या मोटरीची ताकद तीन-चार किलो वजन ढकलण्याइतकी असते. हाताला जड जाणारा खटका तिला रोज दहा वेळा ढकलायला लावला तर तिचे प्लॅस्टिकचे दाते वर्ष-दीड वर्षात झिजतात, आणि दोष किटला दिला जातो.

मोटर बसवण्याचा नियम सोपा आहे, पण पाळायला चिकाटी लागते. मोटरीचा दांडा आणि लॉकचा रॉड एकमेकांना समांतर हवेत. दांडा तिरका ओढत असेल तर निम्मी ताकद रॉड वाकवण्यात जाते. दुसरं, मोटरीची 20 मिलिमीटर चाल आणि रॉडची चाल यांचा मध्य जुळला पाहिजे. त्यासाठी रॉड अर्ध्यावर आणि दांडाही अर्ध्यावर ठेवून त्या दोघांना जोडणाऱ्या जोडपट्टीचे दोन्ही स्क्रू आवळायचे, मग दोन्ही टोकांना हाताने सरकवून पाहायचं. एका टोकाला दांडा आधीच संपत असेल तर लॉक पूर्ण लागणार नाही. किटमधली भोकांची पत्र्याची पट्टी मोटरला धरून ठेवते. ती दोन ठिकाणी तरी घट्ट बसली पाहिजे, एका स्क्रूवर लोंबणारी मोटर महिन्याभरात जागा सोडते. आतल्या पत्र्याला नवं भोक पाडलं असेल तर त्याच्या कडेला गंजरोधक प्रायमरचा एक थेंब लावून घ्या. रत्नागिरी, मालवण, पणजीकडच्या खाऱ्या हवेत हे उघडं भोक दोन पावसाळ्यांत तपकिरी होतं.

काही नव्या गाड्यांत लॅचपर्यंत रॉडऐवजी केबल जाते. केबलला किटची जोडपट्टी धरता येत नाही. अशा गाडीला वेगळी पट्टी घडवावी लागते आणि मजुरी दाराला दीडशे-दोनशेने वाढते. दुकानदाराने भाव सांगण्याआधी एक दार खोलून पाहिलं तर तो माणूस कामाचा आहे असं समजा.

तारांची वाट

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. दार आणि गाडीचं शरीर यांच्यामध्ये बिजागरीजवळ तारा जातात, आणि दार उघडताना-मिटताना त्या दरवेळी वाकतात. वरच्या मॉडेलात इथे रबराची घडीदार नळी असते. खालच्या मॉडेलात त्या जागी नुसतं रबरी बूच लावलेलं भोक असतं, किंवा तेही नसतं. योग्य काम म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी कड बसवून मधे घडीदार नळी घालणं. चार नळ्या मिळून तीन-चारशे रुपये होतात, किटमध्ये त्या क्वचितच असतात. घाईचं काम म्हणजे पत्र्याच्या उघड्या भोकातून तार ओढून घेणं. मग काही महिन्यांत पत्र्याची धार तारेचं आवरण कापते, तांबं पत्र्याला टेकतं आणि फ्यूज उडतो. दार उघडलं की फ्यूज जातो, मिटलं की सगळं ठीक, असा छळवादी दोष दिसला की आधी बिजागरी पाहायची.

पुढच्या दारांच्या तारा पुढच्या खांबातून डॅशबोर्डखाली येतात, मागच्या दारांच्या मधल्या खांबातून खाली उतरून पायपट्टीच्या प्लॅस्टिकखालून पुढे. त्या गालिच्याखाली मोकळ्या टाकायच्या नाहीत, जाळीदार नळीत घालून मूळ वायरिंगच्या गुच्छाला बांधायच्या. सीटबेल्टच्या चरकाजवळून तार नेली तर ती बेल्टच्या आड येणार नाही हे बेल्ट पूर्ण ओढून तपासायचं.

युनिटला वीज थेट बॅटरीवरून घ्यावी, आणि 15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा. फ्यूज युनिटजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी तार बिनसंरक्षणाची राहते. ती वाटेत कुठे कापली गेली तर आग लागू शकते. चार मोटरी एकदम चालतात तेव्हा क्षणभर पंधरा अँपिअरच्या आसपास, कधी त्याहून जास्त प्रवाह ओढला जातो. अर्ध्या सेकंदाचा हा झटका चांगला फ्यूज सहन करतो. तो वारंवार उडत असेल तर वीसचा-तिसाचा घालणं हा उपाय नाही. कुठलंतरी दार अडकतंय किंवा तार टेकतेय असा त्याचा अर्थ. अर्थची तार रंगावर नको, खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट हवी. युनिट डॅशबोर्डखाली उंचावर बांधायचं, कारण पायाजवळच्या भागात एसीचं पाणी गळतं आणि पावसाचं साचतं.

रिमोटच्या युनिटची एक तार छतातल्या दिव्याच्या दार-स्विचला जोडायची असते. अनेक जण ती सोडून देतात, कारण ती नसली तरी लॉक चालतं. पण बहुतेक युनिटांत रिमोटने उघडल्यावर अर्ध्या मिनिटात दार उघडलं नाही तर आपोआप पुन्हा लॉक करायची सोय असते. ही तार नसेल तर दार उघडलं हे युनिटला कळतच नाही. तुम्ही किल्ली सीटवर ठेवून मागचं सामान काढायला जाता, दार लोटलं जातं आणि तीस सेकंदांनी गाडी किल्लीसकट बंद. आत मूल असेल तर हा प्रसंग भयंकर होतो. फिटिंगवाल्याला ही तार जोडली का, हे नाव घेऊन विचारा.

सगळं जोडल्यावर पॅड लावायच्या आधी वीस-पंचवीस वेळा लॉक-अनलॉक करून पाहायचं: रिमोटने, चालकाच्या किल्लीने, आतल्या बटणाने, काच वर असताना आणि खाली असताना. मग प्लॅस्टिकचा पडदा नव्या गोंदाने चारही कडांना दाबून चिकटवायचा. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. ते आतल्या बाजूला येऊ न देणं हे त्या पडद्याचं काम. तो लोंबता राहिला तर जून-जुलैत पायातले मॅट ओले होतात आणि माणूस गळती दाराच्या रबरात शोधत बसतो.

सरकतं दार आणि डिकी

ईको किंवा जुन्या ऑम्नीच्या मालकांनी हा भाग लक्षात घ्यावा. सरकत्या दाराला बिजागरी नाही, त्यामुळे तार नेण्याची नेहमीची वाटच नाही. दार बंद असताना एकमेकांना टेकणाऱ्या संपर्क-पट्ट्या बसवाव्या लागतात. त्यांवर धूळ आणि गंज बसला की दार हुकूम ऐकत नाही. खर्च दाराला पाचशे-सातशेने वाढतो आणि दर काही महिन्यांनी त्या पुसाव्या लागतात. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या किंवा मालवाहू ईकोला पुढची दोन दारं आणि मागचं झाकण एवढंच सेंट्रल लॉकिंगवर घेणं जास्त शहाणपणाचं. सरकती दारं हातानेच लावावीत.

डिकीला पाचवी मोटर बसते. ती 150 ते 400 रुपयांची, मजुरी तेवढीच. काही डिक्यांचं कुलूप किल्लीने फिरणारं असतं, सरकणारा रॉडच नसतो. तिथे जुगाड करण्यापेक्षा सोडून दिलेलं बरं.

बिघाड ओळखायच्या खुणा

बाकीची दारं लागतात तेव्हा एकच उघडतं: त्या मोटरीच्या दोन तारा उलट जोडल्यात, अदलाबदल करायची, खर्च शून्य. लॉक लागतं आणि लगेच आपोआप उघडतं: चालकाच्या मोटरीचा स्विच पूर्ण बदलत नाही, म्हणजे दांड्याचा मध्य चुकलाय. मोटरीचा आवाज येतो पण बटण हलत नाही: जोडपट्टीचा स्क्रू सैल, किंवा आतले दाते गेले. आवाजच येत नाही: तार किंवा कपलर. सकाळी एखादं दार मंद चालतं आणि गाडी सुरू केल्यावर बरं होतं: बॅटरी थकलेली आहे, किटला हात लावू नका. रिमोट जवळ येऊनच चालतो: आधी पाच-पन्नास रुपयांचा सेल बदला.

बॅटरीचं गणितही समजून घ्या. रिमोटचं युनिट चोवीस तास कान उघडे ठेवून असतं, त्याला सतत थोडी वीज लागते. चांगल्या युनिटचा ओढा पाच-दहा मिलिअँपिअर, हलक्याचा वीस किंवा जास्त. वीस धरले तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास, महिन्याला साडेचौदा. लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते. म्हणजे महिनाभर उभ्या गाडीची चाळीस टक्के बॅटरी नुसतं युनिटच खातं. परदेशी असणाऱ्या मुलांची गाडी गावी उभी असेल तर तिला किट बसवताना मल्टिमीटर लावून हा ओढा मोजून घ्या, आणि जाताना ऋण टोपी काढून ठेवा.

बॅटरी मेली तर दार उघडतं का?

26 जुलै 2005 च्या मुंबईच्या पुरात बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं दगावली. पाण्याने वीज गेली की विजेवरच्या काचा आणि कुलपं दोन्ही निकामी होऊ शकतात. 1 जुलै 2019 नंतर बनलेल्या नव्या गाड्यांना एआयएस 145 या मानकाने सेंट्रल लॉकिंग हाताने उघडण्याची सोय सक्तीची केली, ती याच धोक्यासाठी. बाहेरून बसवलेल्या किटची जबाबदारी मात्र बसवणाऱ्यावर आणि तुमच्यावर.

हाताने फिरवायच्या काचांच्या गाडीत धोका कमी असतो, पण मोटर तिरकी बसली तर बंद मोटरीच्या दात्यांचा अडथळा इतका होतो की बटण बोटाने वर येत नाही. म्हणून गाडी ताब्यात घेताना चारही दारं लॉक करा, बॅटरीची टोपी काढायला सांगा, आत बसा आणि प्रत्येक दार हाताने उघडून पाहा. मागच्या सीटवरून मुलाच्या हाताने उघडतं का तेही पाहा. एक जरी दार अडलं तर पैसे देण्याआधी पॅड पुन्हा खोलायला लावा. देखणं दिसावं म्हणून लॉकची वरची बटणं कापून आत घेतात, ते कधीही करू देऊ नका.

वॉरंटी आणि विमा

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापून जोडणारं किट बसवू नका. इलेक्ट्रिकलचा पुढचा कुठलाही दावा त्या एका जोडाकडे बोट दाखवून नाकारला जाऊ शकतो. अशा गाडीला कंपनीच्या अधिकृत अ‍ॅक्सेसरीत मिळणारं, कपलरला कपलर जुळणारं किट घ्या. दोन-तीन हजार जास्त जातील, ते इथे योग्य आहेत. आठ-दहा वर्षांच्या गाडीला ही चिंता नाही. तिथे चांगल्या वायरिंगवाल्याकडचं साधं किट पुरेसं आहे.

नंतर बसवलेली विजेवरची उपकरणं मूळ विमा पॉलिसीत आपोआप येत नाहीत. मोटार विम्याच्या आयएमटी 24 या जोडणीखाली (एंडॉर्समेंटखाली) त्यांच्या किमतीच्या 4 टक्के हप्ता भरून ती नोंदवता येतात. 6,000 च्या व्यवस्थेला वर्षाला 240 रुपये अधिक कर. त्यासाठी बिल लागतं. चोरीविरोधी उपकरणाला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, कमाल 500 रुपये सूट आहे, पण ते पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेलं असावं लागतं. साध्या सेंट्रल लॉकिंगवर ही सूट मिळेल असं सांगून कोणी किट विकत असेल तर खोक्यातलं प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

पुढच्या काळात एखादी मोटर गेली तर पूर्ण किट बदलायचं कारण नाही. सुटी मोटर त्याच 150 ते 400 रुपयांत मिळते आणि दाराची मजुरी दोनशे-अडीचशे. जादा रिमोट मात्र त्याच युनिटच्या जातीचा लागतो आणि बिननावाच्या किटांचं मॉडेल वर्षभरात बाजारातून नाहीसं होतं, म्हणून दोन्ही रिमोट पहिल्याच दिवशी चालवून पाहा, एक घरी ठेवा, आणि युनिटच्या पाठीवरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा.